उपद्रवमूल्य दहा हजार फ्लोरिन

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती निघायची होती, तेव्हा दोन शाखांची माहिती गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्या कामात एक गोष्ट पक्की कळली. आठवणी सांगताना माणसं पदरचं घालतात. पण जमीन कधी गहाण पडली, कितीला पडली आणि कोणी सोडवली याचा कागद हाती आला की घराण्याची हकीकत आपोआप उलगडत जाते. दुसरं असं, की मुलगी कोणाच्या घरात दिली ते पाहिल्याशिवाय मुलग्यांची भांडणं समजत नाहीत. पुढे नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये दिजाँला राहायला आले आणि याच दोन हत्यारांनिशी चौदाव्या शतकातल्या एका पोलिश ड्यूकच्या मागे लागले.

दिजाँला पोलिश ड्यूक कुठून आला? तर तिथल्या सां-बेनिन्य कॅथेड्रलमध्ये त्याची समाधिशिला आहे. बहुतेक लोक त्या चर्चमध्ये येतात ते अकराव्या शतकातलं गोल तळघर बघायला. त्याच्या वरची वास्तू क्रांतीच्या धामधुमीत पाडली गेली आणि बुजलेलं तळघर १८४३ मध्ये पुन्हा सापडलं. शिळेपाशी सहसा कोणी थांबत नाही. गावच्या दंतकथांत हा माणूस ‘राजा लान्सलॉट’ म्हणून ओळखला जातो. तो राजा कधीच नव्हता आणि लान्सलॉटही नव्हता. व्लादिस्लाव हे नाव फ्रेंच जिभेला वळेना, म्हणून लोकांनी ओळखीतलं एक नाव त्याला चिकटवून दिलं.

तर हा व्लादिस्लाव, उपनाव ‘पांढरा’. जन्म १३२७ ते १३३३ च्या दरम्यानचा, मृत्यू १३८८. संस्थान ग्न्येव्कोवो. विस्तुला नदीच्या काठाशी, आजच्या तोरुन शहराच्या दक्षिणेला कुयावी नावाचा सुपीक प्रांत आहे, त्यातला हा छोटासा तुकडा. पोलंडच्या पियास्त राजघराण्याच्या कुयावी शाखेतला हा शेवटचा पुरुष.

त्याची गोष्ट सगळीकडे एकाच साच्यात सांगितली जाते. बायकोवर अतोनात प्रेम होतं. ती तरुणपणीच गेली. मूल नव्हतं. दुःखात याने राज्य गहाण टाकलं, जेरुसलेमची यात्रा केली, आणि शेवटी बर्गंडीत येऊन संन्यास घेतला. मराठी कानाला हे लगेच पटतं, कारण भर्तृहरीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलेली असते. पण भर्तृहरीबद्दलच चिनी प्रवासी इत्सिंगने लिहून ठेवलंय की तो सात वेळा भिक्षू झाला आणि सात वेळा संसारात परत आला. आपला व्लादिस्लाव सातपर्यंत पोचला नाही, इतकंच. १३६६ च्या सुमाराला मठात गेलेला हा माणूस १३७३ मध्ये पोलंडमध्ये किल्ले घेत हिंडत होता, हे वाचलं तेव्हा संन्यासाची गोष्ट बाजूला ठेवली आणि तक्ता करायला घेतला.

तक्ता सुरू केला आणि एलिझाबेथांनी छळ मांडला. व्लादिस्लावची बायको एलिझाबेथ. बहीण एलिझाबेथ. बहिणीची मुलगी एलिझाबेथ. त्या मुलीची सासूही एलिझाबेथ. आणि ज्याच्याशी याची शेवटची लढाई झाली, त्याची बहीण एलिझाबेथ, ती तर सम्राट चौथ्या कार्लची बायको. पुरुषांची बाजू याहून बरी नव्हती. पणजोबा काझिमिर, वडील काझिमिर, ज्याच्याकडे राज्य गहाण टाकलं तो राजा काझिमिर, आणि वेढ्यात समोर उभा ठाकला तो काझिमिर. आमच्या कुलवृत्तान्तात महादेव गोविंद आणि गोविंद महादेव एकाआड एक येत राहतात, तेव्हा आम्ही प्रत्येकाला क्रमांक देतो. इथेही तेच केलं. ए-१ ते ए-५, का-१ ते का-४. वहीत नावं लिहायची नाहीत, क्रमांकच लिहायचे. प्रयोगशाळेतली माझी पोलिश मैत्रीण मूळची कुयावीकडची. ती म्हणाली, तू आमच्या राण्यांना कैद्यांसारखे नंबर दिलेस. पण तीही नंतर फोनवर “ए-तीनचं लग्न कधी झालं ते बघ” असंच बोलायला लागली.

क्रमांक दिल्यावर घर दिसायला लागलं. मूळ पुरुष पणजोबा काझिमिर, मृत्यू १२६७. त्याची तीन लग्नं. दुसरीचा मुलगा झ्येमोमिस्ल, तो आपल्या व्लादिस्लावचा आजोबा. तिसरीचा मुलगा आणखी एक व्लादिस्लाव, ‘वोक्येतेक’ या नावाने प्रसिद्ध. उंची बेताची म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. म्हणजे दोन सावत्र भाऊ. थोरल्या सावत्र भावाच्या घरात पुढच्या पिढीने वाटण्या करून घेतल्या आणि धाकट्या मुलाच्या वाट्याला ग्न्येव्कोवो आलं. तिकडे बुटका सावत्र काका मात्र हरत, पळत, परत येत १३२० मध्ये क्राकूवला पोलंडचा राजा म्हणून अभिषेक करवून बसला. त्याचा मुलगा काझिमिर, ज्याला पोलंडचा इतिहास ‘महान’ म्हणतो. म्हणजे एकाच आजा-पणजाची लेकरं. एका घरात मुकुट आणि दुसऱ्या घरात वीसेक किलोमीटरचं शेत. त्यात मध्येच १३३२ मध्ये उत्तरेकडच्या ट्युटॉनिक सरदारांनी, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाने, अख्खं कुयावी गिळलं, ते १३४३ च्या कालिशच्या तहाने परत मिळालं. व्लादिस्लाव वडिलांच्या मागे १३५० च्या आसपास गादीवर आला तो राजाचा मांडलिक म्हणूनच.

यानंतरचं जे काही कळतं त्यातलं बरंचसं एका बखरीतून. लिहिणारा यान्को, चार्नकूव गावचा. ग्न्येझ्नोचा आर्चडीकन, म्हणजे चर्चमधला वरिष्ठ अधिकारी, आणि काझिमिर राजाचा उपचान्सलर. मूळ लॅटिन, मी पोलिश भाषांतर समोर ठेवून, संगणकाच्या मदतीने आणि अडलं की मैत्रिणीला विचारून वाचत गेले. वाचताना यान्कोचा स्वभाव कळतो. बारीकसारीक तपशील त्याला आवडतात, वैर तो विसरत नाही. राजा १३७० मध्ये वारला आणि यान्कोचं पद गेलं. त्याच्यावर आरोप आला की राजाच्या थडग्यातून राजचिन्हं चोरून त्याने दुसऱ्या दावेदाराला द्यायचा घाट घातला. देशोधडीला लागला, पुढे परत आला. अशा माणसाने नव्या राजवटीविरुद्ध बंड करणाऱ्याची हकीकत लिहायची म्हणजे काय होणार? म्हणून वहीत तीन रकाने केले. पहिल्यात यान्को सांगतो ते, दुसऱ्यात ज्याला कागदाचा आधार आहे ते, तिसऱ्यात माझं मत. कुलवृत्तान्तात आम्ही ‘ऐकीव’ आणि ‘लेखी’ असे शेरे मारतो, त्याचीच ही वाढवलेली आवृत्ती.

लेखी रकाना भरला तेव्हा त्यात दोन आकडे उरले आणि त्या दोघांनीच माझं सगळं काम केलं.

पहिला आकडा एक हजार. १३६३-६४ च्या सुमाराला व्लादिस्लावने ग्न्येव्कोवो काझिमिर राजाकडे गहाण टाकलं, ते एक हजार फ्लोरिनांना. फ्लोरिन म्हणजे साडेतीन ग्रॅमचं सोन्याचं नाणं. म्हणजे साडेतीन किलो सोनं. अख्ख्या वतनाला ही किंमत मला फारच कमी वाटली. यावर इतिहासकारांत तट आहेत. कोणी म्हणतं, बायकोच्या दुःखाने विरक्ती आली, किमतीकडे त्याचं लक्षच नव्हतं. कोणी म्हणतं, राजाला घरातली वतनं खालसा करायची होती आणि मूलबाळ नसलेल्या पुतण्याला त्याने बाहेरचा रस्ता दाखवला. माझा कल दुसरीकडे. बायको एलिझाबेथ ही सायलेशियातल्या स्ट्शेल्त्सेच्या अल्बर्ट ड्यूकची मुलगी. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती आणि ती १३६० च्या सुमाराला गेली. दुःख झालंच असणार, ते मी नाकारत नाही. पण दुःखी माणूस दुसरं लग्न करतो, किंवा राज्य भावाला सांभाळायला देतो. निपुत्रिक संस्थानिक गहाणखतावर सही करतो, तेव्हा समोरच्याने खत आधीच लिहून आणलेलं असतं, हे आमच्या दोन्ही शाखांत मी पाहिलंय.

पैसे घेऊन तो भटकायला निघाला. ट्युटॉनिक सरदारांकडे माल्बोर्कला, जेरुसलेमला, प्रागला सम्राटाच्या दरबारी, आविन्यॉंला पोपकडे. ही यादी बघितली की मला विरक्त माणूस दिसत नाही. शब्द टाकेल असा कोणी मोठा माणूस शोधत हिंडणारा माणूस दिसतो. कोणीच उभं केलं नसावं. मग दिजाँच्या दक्षिणेला वीस-पंचवीस किलोमीटरवर सितोचा मठ आहे, सिस्टर्शियन पंथाचं मूळ पीठ, १०९८ मध्ये स्थापन झालेलं, तिथे तो दाखल झाला. कडक शिस्त, अंगमेहनत, मौन. वर्षभरातच तिथून उठला आणि दिजाँच्या बेनेडिक्टाइन मठात, म्हणजे सां-बेनिन्यमध्ये आला. तिथली राहणी जरा सैल. उपनावाचा उगम काही जण सितोच्या पांढऱ्या झग्यात शोधतात. मला ते पटत नाही. पांढऱ्या झग्यात तो जेमतेम वर्षभर होता आणि त्यानंतरचा मठातला सगळा काळ बेनेडिक्टाइनांच्या काळ्या झग्यात गेला. केसांच्या रंगावरून नाव पडलं असं म्हणणाऱ्यांची बाजू मला जास्त बरी वाटते.

इथे गोष्ट संपायची. पण १३७० मध्ये काझिमिर राजा औरस मुलाशिवाय गेला. आधी ठरलेल्या करारानुसार त्याचा भाचा, हंगेरीचा राजा लुई, पोलंडचाही राजा झाला. लुईने स्वतः तिथे राहायचं टाळलं आणि कारभार आईकडे सोपवला. विएल्कोपोल्स्काच्या, म्हणजे पश्चिम पोलंडमधल्या, सरदारांना हे मुळीच रुचलं नाही. आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की राजघराण्याचा एक सरळ पुरुषवंशज बर्गंडीत जपमाळ ओढत बसलाय. माणसं दिजाँला येऊन पोचली.

यापुढच्या घटना लावताना माझी वही सगळ्यात जास्त खाडाखोड झाली, पण मजाही इथेच आली. व्लादिस्लाव आधी आविन्यॉंला गेला आणि पोप अकराव्या ग्रेगरीकडे दीक्षेतून मोकळं करा म्हणून अर्ज केला. नामंजूर. मग बुडाला, लुईच्या राजधानीत. तिथे राणी होती ती त्याची सख्खी भाची, ए-३. तरीही पोप बधला नाही. शेवटी दीक्षा अंगावर असतानाच, १३७३ च्या सप्टेंबरात हा भिक्षू मूठभर माणसांनिशी पोलंडमध्ये उगवला आणि एकामागून एक ठाणी बेसावध गाठून घेतली. त्यात स्वतःचं ग्न्येव्कोवो होतं आणि नदीकाठचा झ्वोतोरियाचा किल्लाही होता. कुयावीचा सुभेदार शुबिनचा सेंजीवुई सैन्य घेऊन आला आणि ते सगळं जितक्या लवकर मिळालं तितक्या लवकर गेलं. व्लादिस्लाव सरहद्दीपलीकडे ब्रांडेनबुर्गच्या मुलखात जाऊन बसला. १३७५ मध्ये परत आला आणि झ्वोतोरिया पुन्हा घेतला.

हा किल्ला बघायचाच असं ठरवलं. मैत्रीण सुट्टीला घरी जाणार होती, तिच्याबरोबर गेले. तोरुनहून विस्तुलाच्या काठाकाठाने थोडं वर गेलं की द्रव्हेंत्सा नावाची छोटी नदी येऊन मिळते. त्या संगमावरच झ्वोतोरिया गाव आहे. किल्ल्याचं आता फारसं काही उरलेलं नाही. लाल विटांच्या भिंतींचे तुकडे, मध्ये गवत, आणि कडेने चिडवणाची झुडपं, हाताला लागली की आग होते. विटा आपल्या विटेपेक्षा चांगल्याच मोठ्या. एकीवर हात ठेवून मोजायला गेले तर माझी वीत अपुरी पडली. जागा मात्र अशी निवडलेली की बघताक्षणी कळतं. दोन बाजूंना पाणी, समोरच्या काठावर त्या काळी ट्युटॉनिक सरदारांचा मुलूख, नदीतून जाणारी प्रत्येक होडी माऱ्याच्या टप्प्यात. काझिमिर राजाने तो बांधला तोच सरहद्दीवर नजर ठेवायला. नकाशावर मी जे वेढ्याचं बाण-बिण काढून ठेवलं होतं त्याचा अर्थ तिथे लागला. इथे थोडी माणसं पुष्कळांना महिनोन्महिने थोपवू शकतात, आणि कोणी अडचणीत असलेला राजा असला तर त्याला ते महिने परवडत नाहीत.

ग्न्येव्कोवोला गेलो ते मुख्यतः गेलो म्हणायला. तोरुन–इनोव्रोत्स्वाव रेल्वेमार्गावरचं शांत गाव. ड्यूकच्या वाड्याचा मागमूस नाही. मैत्रिणीच्या आईने मात्र जेवायला बसवून मला विचारलं, “तुमच्याकडचे राजे संपले का, आमच्या एवढ्याशा राजाच्या मागे का लागलीस?” मी म्हटलं, काकू, मोठ्यांवर सगळेच लिहितात. त्या म्हणाल्या, मग खा अजून एक पिएरोगी, बारीक झालीस या राजापायी.

परत आल्यावर वेढ्याची तारीखवार नोंद लावली. १३७६ मध्ये सेंजीवुईच्या बरोबर काश्को आला, का-४, स्वुप्स्कचा ड्यूक आणि काझिमिर राजाच्या मुलीचा मुलगा. आजोबांनी दत्तक घेतलेला, म्हणजे एका परीने तोही मुकुटाचा हुकलेला वारस. वेढ्यात व्लादिस्लाव आणि बार्तोश नावाच्या सरदाराचं द्वंद्वयुद्ध झालं असं यान्को सांगतो. किल्ल्यावरून आलेला एक दगड काश्कोच्या डोक्याला लागला. २ जानेवारी १३७७ ला तो त्या दुखापतीने बिडगोश्चला वारला. काश्कोला मूल नव्हतं. एका निपुत्रिक पियास्ताने बंड केलं आणि त्यात पियास्तांचा एक निपुत्रिक नातू मेला. आनंद कोणाला झाला असेल तर तो परक्या राजाला.

आता दुसरा आकडा. किल्ला पडल्यावर बंडखोराचं काय झालं? शिरच्छेद नाही, अंधारकोठडी नाही. लुईने त्याला ग्न्येव्कोवोवरचा हक्क सोडण्याबद्दल दहा हजार फ्लोरिन दिले आणि वर हंगेरीतल्या पॅनोनहाल्माच्या मठाचं मठाधिपतिपद. हा मठ हंगेरीतला सगळ्यात जुना बेनेडिक्टाइन मठ, त्याचं उत्पन्न मोठं. त्याच जमिनीला काझिमिरने एक हजार दिले होते. पंधरा वर्षांच्या आतच भाव दहापट.

याचं उत्तर किल्ल्यात मिळत नव्हतं, म्हणून तक्त्याच्या दुसऱ्या अर्ध्याकडे वळले. मुलींकडे.

व्लादिस्लावची आत्या फेनेन्ना. तिचं लग्न हंगेरीचा राजा तिसरा आंद्रे याच्याशी झालेलं. राणी असतानाच १२९५ मध्ये वारली. बहीण एलिझाबेथ दिली बोस्नियात, तिथला बान, म्हणजे शासक, दुसरा स्टेफान कोत्रोमानिच याला. त्यांची मुलगी ए-३ हिचं लग्न १३५३ मध्ये हंगेरीच्या लुईशी. म्हणजे ज्याच्याविरुद्ध बंड केलं तो लुई व्लादिस्लावचा जावई, भाचीचा नवरा. शिवाय लुईची आई ए-४ ही वोक्येतेकची मुलगी, म्हणजे व्लादिस्लावच्या वडिलांची चुलत बहीण. त्या नात्याने लुई त्याचा आतेभाऊही. नवरा-बायको दोघंही पणजोबा काझिमिरकडे जाऊन मिळतात. चर्चच्या हिशेबाने सपिंडच, म्हणून त्या लग्नाला पोपची सूट घ्यावी लागली होती. आपल्याकडे जावयाशी भांडण काढलं तर निदान बहीण मध्ये पडते. इथे बहीण हयात होती की नाही हे तक्त्याला महत्त्वाचं नव्हतं. भाची राणी होती, आणि तिचा मामा मारणं राजाला शोभलं नसतं.

पण नात्याने जीव वाचतो, दहा हजार मिळत नाहीत. त्यासाठी लुईचं घर बघावं लागतं. लुईला मुलगा नव्हता, मुलीच होत्या. पोलंडच्या सरदारांनी एखाद्या मुलीला गादीवर बसवायला कबूल व्हावं म्हणून त्याने १३७४ मध्ये कोशित्सेला त्यांचा शेतसारा दर वानाला, म्हणजे तिथल्या जमिनीच्या मापाला, दोन ग्रोशांवर आणून ठेवला होता. सवलत दिली, वचन घेतलं. आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे, १३७३ आणि १३७५ मध्ये, हा पांढरा भिक्षू ‘मी पियास्त पुरुष आहे’ असं किल्ल्यावर चढून ओरडत होता. त्यात डिसेंबर १३७६ मध्ये क्राकूवला दंगल उसळली आणि लुईच्या आईबरोबर आलेले सुमारे १६० हंगेरियन मारले गेले. अशा वेळी राजाला हुतात्मा नको असतो, पावती हवी असते. हक्क सोडल्याचा कागद. दहा हजार ही ग्न्येव्कोवोची किंमत नव्हतीच. आपल्याकडच्या राजकारणात जिला सरळ उपद्रवमूल्य म्हणतात, ती ही रक्कम. गप्प बसला होता तोवर एक हजार, उपद्रव दिला तेव्हा दहा. मठात जाणं ही त्याच्या आयुष्यातली मोठी घटना म्हणून सगळे सांगतात. माझ्या वहीत ती दोन व्यवहारांमधली मुदत आहे.

मैत्रिणीला हे फारसं आवडलं नाही. तिच्या मते मी प्रेमाची गोष्ट हिशेबाच्या वहीत बंद केली. तिचं म्हणणं तिसऱ्या रकान्यात लिहून ठेवलंय.

हंगेरीतही तो टिकला नाही. पॅनोनहाल्मा सोडलं आणि दिजाँला परतला. बाकी, त्याच्या वतनाचं पुढे काय झालं हे शोधताना मला त्याच्या बायकोच्या माहेरचा कागद सापडला आणि त्या रात्री उशिरापर्यंत झोप आली नाही. लुईने ग्न्येव्कोवोसकट कुयावीचा मोठा भाग आणि दोब्झिनचा मुलूख आपल्या विश्वासातल्या माणसाला देऊन टाकला, व्लादिस्लाव ओपोल्चिक याला. हाच तो, ज्याने १३८२ मध्ये चेंस्तोहोवाचा प्रसिद्ध मठ स्थापन केला. तर हा ओपोल्चिक म्हणजे ए-१ चा, आपल्या ड्यूकच्या दिवंगत बायकोचा सख्खा चुलत भाऊ. तिचे वडील अल्बर्ट आणि याचे वडील दुसरा बोल्को, सख्खे भाऊ. ज्या बायकोच्या दुःखात राज्य सोडलं असं जग म्हणतं, ते राज्य फिरत फिरत तिच्याच माहेरी जाऊन पडलं. आणि माहेरच्यांनी काय करावं? १३९१ मध्ये झ्वोतोरियाचा किल्ला ट्युटॉनिक सरदारांकडे गहाण टाकला. ज्यांच्यावर नजर ठेवायला तो बांधला, त्यांच्याचकडे. त्यांनी नंतर, १४०९ च्या युद्धात, तो मोडून टाकला; मी ज्या विटा मोजल्या त्या त्यातून उरलेल्या.

व्लादिस्लावने हे पाहिलं नाही. १३८२ मध्ये लुई वारला. त्याच वर्षी आविन्यॉंच्या क्लेमेंटने व्लादिस्लावला दीक्षेतून मोकळं केलं. तोवर दोन पोप झाले होते, एक रोममध्ये आणि एक आविन्यॉंत. हंगेरी रोमच्या बाजूला. त्यामुळे आविन्यॉंला एकाएकी या म्हाताऱ्या भिक्षूच्या हक्कांची आठवण झाली, यात भूतदया मला तरी दिसत नाही. दहा वर्षं आधी हीच सूट मिळाली असती तर तो पोलंडमध्ये दीक्षा मोडलेला भिक्षू म्हणून गेला नसता, आणि ग्न्येझ्नोच्या धर्मगुरूंनाही उघडपणे त्याच्या मागे उभं राहता आलं असतं. आता पन्नाशी उलटली होती. तो गेला नाही. १३८४ मध्ये पोलंडच्या गादीवर बसली ती यादविगा, लुईची धाकटी मुलगी, म्हणजे व्लादिस्लावच्या भाचीची लेक, नात्याने त्याची नात. दहा हजार देऊन लुईने जे विकत घेतलं होतं ते असं वसूल झालं. भाचीचं मात्र भलं झालं नाही. राणीमाता ए-३ हिला १३८७ च्या जानेवारीत डाल्मेशियाच्या किनाऱ्यावर नोविग्रादच्या किल्ल्यात शत्रूंनी गळा दाबून मारलं. मामा अजून हयात होता.

पुढच्याच वर्षी तो स्ट्रासबुर्गला वारला आणि सां-बेनिन्यमध्ये आणून पुरला. आमच्या कुलवृत्तान्ताच्या नमुन्यात ‘व्यवसाय’ असा रकाना असतो. त्यात ‘संस्थानिक, भिक्षू, बंडखोर, मठाधिपती, पुन्हा भिक्षू’ असं लिहिलं. संततीपुढे ‘नाही’. ग्न्येव्कोवो शाखा तिथे बंद केली. सध्या ए-१ चं माहेर, म्हणजे ओपोलची शाखा उघडलीय. तिच्या आजोबांचं नाव बोल्को. त्यांना तीन मुलगे, आणि त्यातल्या दोघा सख्ख्या भावांची नावंही बोल्कोच. क्रमांक कसे द्यायचे यावर मैत्रिणीशी कालपासून वाद चाललाय.